साथीचे पंचांग

भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावाची मंडई, उद्या त्या गावाची. धान कापणीला आलेले असते किंवा कापून बांधीत पडलेले असते, लेकी माहेरी आलेल्या असतात, आणि गावात दिवसा बाजार व दंडार, रात्री नाटक असा बेत असतो. नाटकाच्या मंडपात आसपासच्या दहा-वीस गावांतली माणसे पहाटेपर्यंत खांद्याला खांदा लावून बसतात. घर पाहुण्यांनी भरून जाते आणि एकेका खोलीत आठ-दहा जणांची अंथरुणे पडतात. झाडीपट्टीतली माणसे या दिवसांत एकमेकांच्या जितकी जवळ येतात, तितकी एरवी वर्षभर येत नाहीत.

श्वासावाटे पसरणाऱ्या आजाराला हीच जवळीक लागते. तेवढ्यावरून मंडईला जाऊ नका असे सांगणे शहाणपणाचे नाही, आणि कोणी ते ऐकणारही नाही. विचारण्यासारखा प्रश्न वेगळा आहे. शेतकरी पेरणीची, रोवणीची, कापणीची वेळ पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो. आयुर्वेदाने ऋतुचर्या सांगितली, म्हणजे प्रत्येक ऋतूत कसे राहावे याचा पाठ दिला. मग जो आजार जवळजवळ ठरलेल्या ऋतूंत येतो, त्याची वेळ आपण का ओळखत नाही? स्वाइन फ्लू म्हटले की आपल्याला वर्तमानपत्रातला मृतांचा आकडा आठवतो. आकडा खाली आला की आजारही गेला असे आपण समजतो. आपली भीती आणि तो आजार यांची वेळापत्रके किती वेगळी आहेत, हे गेल्या शंभर वर्षांचा इतिहास चाळला की लक्षात येते.

मानमोडीची दिवाळी

१९१८ साली भंडारा जिल्हा मध्य प्रांतात होता. त्या वर्षी जूनमध्ये मुंबई बंदरावर इन्फ्लुएंझाचे पहिले रुग्ण दिसले. पहिली लाट बेताची होती. पावसाने मात्र त्या वर्षी दगा दिला, पिके बुडाली, आणि सप्टेंबरपासून दुसरी लाट आली ती घरेच्या घरे रिकामी करणारी. जुन्या माणसांच्या बोलण्यात या साथीला ‘मानमोडी’ असे नाव होते. त्या वर्षीची दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली, म्हणजे लाटेचा जोर असतानाच. लोकसंख्येच्या मानाने सर्वाधिक मृत्यू झालेल्या प्रांतांत मध्य प्रांताची गणना होते. संपूर्ण भारतात किती माणसे गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. भारतीय जनगणनेच्या इतिहासात असे दुसरे दशक नाही.

मरणाऱ्यांत वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे मोठ्या संख्येने होती. त्यांच्यापुढे कोणताच उपाय नव्हता. आजार विषाणूमुळे होतो हेही तेव्हा ठाऊक नव्हते, कारण माणसातला इन्फ्लुएंझाचा विषाणू लंडनच्या शास्त्रज्ञांना वेगळा काढता आला तो १९३३ मध्ये. लस नव्हती, विषाणूवर औषध नव्हते, ऑक्सिजन आणि प्रतिजैविकेही नव्हती. आज हे सगळे आहे. म्हणूनच आज या आजाराने होणाऱ्या मृत्यूंचा हिशेब अधिक कठोरपणे मांडायला हवा.

नाव डुकराचे

१९१८ च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या आयोवा भागात डुकरांमध्येही तशाच तापाची साथ पसरली होती. पुढे रिचर्ड शोप या संशोधकाने डुकरांमधला इन्फ्लुएंझाचा विषाणू शोधला, तोही माणसातल्या विषाणूच्या आधी. १९१८ मध्ये आजार डुकराने माणसाला दिला की माणसाने डुकराला, असा प्रश्न निघाला तर दोष माणसाकडेच अधिक झुकतो.

इन्फ्लुएंझा विषाणूची जनुके आठ सुट्या तुकड्यांत असतात. डुकराच्या श्वासनलिकेतल्या पेशींना पक्ष्यांचा आणि माणसांचा असे दोन्ही प्रकारचे विषाणू चिकटू शकतात. एकाच पेशीत दोन विषाणू शिरले की पत्ते पिसावेत तसे त्यांचे तुकडे मिसळतात आणि क्वचित एखादा अगदी नवा डाव तयार होतो. २००९ मध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत प्रथम ओळखला गेलेला एच१एन१ हा असाच डाव होता. त्याच्या तुकड्यांत डुकरांचे, पक्ष्यांचे आणि माणसांचे वारसे एकत्र आले होते.

एकदा माणसात आल्यावर मात्र हा विषाणू माणसाचाच झाला. तो खोकल्या-शिंकेतून, एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो. शिजवलेले डुकराचे मांस खाल्ल्याने तो होत नाही. २००९ मध्ये इजिप्तने देशातली सुमारे तीन लाख डुकरे मारण्याचा हुकूम काढला. साथ थांबली नाही, पण ती डुकरे पाळून पोट भरणारी गरीब माणसे उघड्यावर पडली. आपल्याकडेही साथीच्या बातम्या आल्या की वराहपालन करणाऱ्या वस्तीकडे बोट दाखवले जाते. त्या बोटाला वैद्यकशास्त्राचा कसलाही आधार नाही. ज्याला आपण स्वाइन फ्लू म्हणतो, तो आज दरवर्षी येणाऱ्या हंगामी फ्लूचा एक प्रकार आहे आणि त्याचा वाहक आपल्या शेजारी बसलेला, शिंकणारा माणूस आहे.

पुण्यातली भीती, नंतरचे मौन

भारतात या विषाणूचा पहिला रुग्ण मे २००९ मध्ये हैदराबादेत सापडला. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. देशातला हा पहिला बळी. त्यानंतरचे पुणे ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या, शाळा आणि चित्रपटगृहे काही दिवस बंद झाली, औषधांच्या दुकानांतले मास्क संपले, रुमालांवर निलगिरीचे थेंब आणि गळ्यात कापूर-वेलदोड्याच्या पुरचुंड्या दिसू लागल्या. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे दूरदूरहून नमुने येत होते.

२०१० च्या जून-जुलैत दोन देशी लसी बाजारात आल्या. एक अहमदाबादच्या झायडस कॅडिलाची, टोचायची. दुसरी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची, नाकात फवारायची. पण तोवर मास्क उतरले होते. ऑगस्टमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही महासाथ संपल्याचे जाहीर केले.

आता आकडे पाहू. शासकीय नोंदींनुसार २००९ मध्ये, म्हणजे भीतीच्या वर्षी, देशात ९८१ मृत्यू झाले. भीती ओसरली त्या २०१० मध्ये १,७६३ झाले. २०१५ मध्ये २,९९० आणि २०१७ मध्ये २,२७०. त्यांपैकी एकट्या महाराष्ट्रातले मृत्यू २०१५ मध्ये ९०५ आणि २०१७ मध्ये ७७८ होते. हे फक्त तपासणीने सिद्ध झालेले मृत्यू. ज्यांची तपासणीच झाली नाही, ते न्यूमोनिया किंवा दम्याच्या नावाखाली गेले. ज्या वर्षी आपण सर्वाधिक घाबरलो, त्या वर्षापेक्षा जास्त माणसे आपण निर्धास्त असताना गेली.

लस काय करते

एच१एन१ या नावातला एच आणि एन ही विषाणूच्या अंगावरच्या दोन प्रथिनांची आद्याक्षरे आहेत. एच हे पेशीच्या दाराला धरणारा हात आहे, तर एन ही तयार झालेले नवे विषाणू मोकळे करणारी कात्री. लस शरीराला एचची ओळख करून देते, म्हणजे पुढे खरा विषाणू आला की प्रतिपिंडे तो हात आधीच पकडून ठेवतात. ऑसेल्टामिविर हे औषध कात्री बोथट करते. म्हणूनच ते लवकर, लक्षणे दिसल्यापासून शक्यतो ४८ तासांच्या आत सुरू केले तर अधिक उपयोगी पडते.

हा हात दरवर्षी थोडा थोडा बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीची लस यंदा पुरत नाही. शिवाय लसीने आलेली शक्ती काही महिन्यांत ओसरू लागते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते विषाणू असावेत ते सांगते. आज मिळणाऱ्या हंगामी फ्लूच्या लसीत एच१एन१ असतोच, त्यामुळे स्वाइन फ्लूसाठी वेगळी लस शोधत फिरावे लागत नाही.

लसीबद्दल दोन गैरसमज आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध टोकांचे आहेत. पहिला असा की लसीनेच फ्लू होतो. दंडात टोचायच्या लसीतला विषाणू मेलेला आणि फोडलेला असतो. त्याच्याने आजार होऊच शकत नाही. दंड दुखणे, एखादा दिवस कणकण, एवढेच बहुधा होते. दुसरा गैरसमज असा की लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही. लस आणि फिरता विषाणू यांचा मेळ चांगला जमतो त्या वर्षांत, दवाखान्यात जावे लागेल इतका आजार होण्याची शक्यता साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते. हे ऐकून कोणी म्हणेल, मग निम्मीच ना? पण जो रुग्ण एरवी अतिदक्षता विभागात गेला असता तो घरच्या खाटेवर बरा होतो, यात त्या निम्म्याची किंमत आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हात धुणे आणि वेळेवर दवाखाना गाठणे आहे.

लस टोचल्यावर शरीराची तयारी व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. सहा महिन्यांखालील बाळाला ती देता येत नाही. सहा महिने ते आठ वर्षे वयाच्या मुलाला पहिल्यांदाच लस देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. आधीच्या एखाद्या लसीनंतर तीव्र ॲलर्जी झाली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

भंडाऱ्यात आधी कोणाला

धोका सर्वांना सारखा नसतो. पुस्तकांतल्या याद्यांमध्ये गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालची मुले, वृद्ध, मधुमेह, हृदयविकार, दमा, मूत्रपिंडाचे आजार असलेले रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी असतात. ही यादी भंडाऱ्यालाही लागू आहे, पण इथे तिच्यात एक नाव ठळक अक्षरांत लिहायला हवे: सिकलसेल.

पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच कुटुंबांत आहे. या रुग्णांच्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी झाला की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जंतूंशी लढणारी प्लीहा लहानपणापासूनच निकामी होत जाते. अशा मुलाला फ्लू झाला, तापात पाणी कमी पडले, न्यूमोनिया होऊन रक्तातला ऑक्सिजन उतरला, की आणखी पेशी वाकतात आणि ऑक्सिजन आणखी उतरतो. हे चक्र काही तासांत जिवावर बेतू शकते. म्हणून ज्या घरात सिकलसेलचा रुग्ण आहे, तिथे त्याला आणि त्याच्याबरोबर राहणाऱ्यांना दरवर्षी फ्लूची लस मिळणे ही चैन नव्हे. न्यूमोकॉकल लसीबद्दलही अशा पालकांनी डॉक्टरांना जरूर विचारावे.

दुसरे नाव गरोदर स्त्रीचे. वाढत्या गर्भामुळे फुप्फुसांना जागा कमी पडते आणि याच काळात शरीराची प्रतिकाराची पद्धतही बदललेली असते. तिने दंडातली लस घेतली तर तिच्या प्रतिपिंडांचा वाटा नाळेतून बाळाला मिळतो, आणि ज्या सहा महिन्यांत बाळाला लस देता येत नाही त्या महिन्यांत तोच त्याचे रक्षण करतो. एका सुईत दोन जिवांची सोय होते. नाकात फवारायची लस मात्र गरोदरपणात देत नाहीत, कारण तिच्यात जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. २०१५ च्या साथीनंतर महाराष्ट्र शासनाने गरोदर माता, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांच्यासाठी मोफत लसीची योजना आणली. योजना असणे आणि ती मागायला माणूस येणे यांत मोठे अंतर असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे ‘फ्लूची लस आली का?’ असे विचारणारा एक माणूस प्रत्येक घरातून निघाला, तर ते अंतर बरेच कमी होईल.

तिसरा गट बिडीचा. भंडारा-तुमसर पट्ट्यात तेंदूपाने आणि बिडी हा जुना रोजगार. वर्षानुवर्षे तंबाखूच्या धुळीत बसून बिड्या वळणाऱ्या आणि त्या ओढणारी माणसे यांची फुप्फुसे फ्लू येण्याआधीच थकलेली असतात.

हात, शेला आणि खर्रा

रोज पाळायच्या स्वच्छतेचे नियम सर्वांना पाठ आहेत; ते का आहेत हे समजले तर पाळले जातात. इन्फ्लुएंझाच्या विषाणूवर चरबीचे पातळ आवरण असते. ताटाचा तेलकटपणा साबण काढतो, तसेच तो हे आवरण फोडतो आणि विषाणू निकामी होतो. नुसत्या पाण्याने हे होत नाही. बोटांच्या फटी, नखे, अंगठा धरून वीस सेकंद साबण चोळायला हवा. स्टीलच्या भांड्यावर, दाराच्या कडीवर, मोबाइलवर विषाणू एक-दोन दिवस तग धरू शकतो. कापडावर त्याहून बराच कमी वेळ.

विषाणू हातातून अंगात शिरत नाही. तो हातावरून तोंडात, नाकात, डोळ्यात जातो. इथे भंडाऱ्याची एक खास अडचण आहे, आणि ती म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून तळहाताने घोटायचा, मग त्याच पन्नीतून दोघा-चौघांनी चिमूट चिमूट तोंडात टाकायचा आणि जागा मिळेल तिथे थुंकायचे. हात, तोंड आणि दुसऱ्याचा हात यांची इतकी पक्की साखळी आजाराला दुसरीकडे क्वचितच मिळेल. खर्रा कर्करोग देतो हे सांगून झाले आहे. तो सोडण्याचे हे आणखी एक कारण.

खोकताना हाताची ओंजळ तोंडापुढे धरण्याची सवय आपण सभ्यता समजतो. प्रत्यक्षात तोच हात पुढच्या क्षणी दुसऱ्याच्या हातात जातो. त्यापेक्षा कोपराच्या आतल्या बाजूत किंवा खांद्यावरच्या शेल्यात, पदरात खोकावे, आणि तो शेला त्याच दिवशी धुवून उन्हात वाळवावा. नमस्काराला हात लागत नाहीत, ही आपली जुनी सोय आहेच. घरात दारे-खिडक्या उघड्या ठेवणे हेही औषधच. मंडईच्या रात्री पाहुणे दाटीवाटीने झोपतात तेव्हा थंडीमुळे खिडकी बंद होते. एखादी फट तरी उघडी राहू द्यावी आणि खोकणाऱ्याचे अंथरूण वेगळे, शक्यतो पडवीच्या बाजूला, घालावे.

सगळ्यांत मोठा नियम मात्र सर्वांत अवघड आहे: ताप आहे त्याने गर्दीत जाऊ नये. माणूस लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे साधारण सात दिवस विषाणू पसरवू शकतो. ताप उतरल्यावरही किमान एक दिवस घरी थांबावे. आजारी पाहुणा आला नाही तर त्याचा राग न धरणे, हीदेखील आता पाहुणचाराची रीत व्हायला हवी.

घर की दवाखाना

बहुतेकांचा फ्लू घरीच बरा होतो. ताप, घसा, अंगदुखी, कोरडा खोकला एवढेच असेल तर विश्रांती, भरपूर पाणी, पेज, आणि तापासाठी पॅरासिटामॉल पुरते. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत, त्यामुळे दुकानातून आपल्या मनाने ती आणू नयेत. वर सांगितलेल्या धोक्याच्या गटातल्या माणसाने मात्र पहिल्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे; अशा रुग्णाला तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता ऑसेल्टामिविर सुरू करता येते.

श्वास लागणे, छातीत दुखणे, थुंकीत रक्त, ओठ किंवा नखे निळसर पडणे, गुंगी, मुलाने खाणे-पिणे सोडणे किंवा उतरलेला ताप पुन्हा चढणे: यांतले काहीही दिसले तर रात्र सरण्याची वाट पाहू नये. धानाच्या हंगामात ‘आज कापणी आहे, उद्या जाऊ’ असे म्हणणे किती सोपे असते, हे खेड्यात राहणाऱ्या कोणालाही माहीत आहे. या आजारात तो एक दिवस फार महाग पडतो.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर

महाराष्ट्रात फ्लू वर्षातून साधारण दोनदा डोके वर काढतो: पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर, आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धात जानेवारी ते मार्च. म्हणजे रोवणीच्या चिखलात बायामाणसे ओळीने वाकलेली असतात तेव्हा, आणि धान घरी आल्यानंतर लग्ने, नाटके, जत्रा सुरू असतात तेव्हा. यावरून आपले पंचांग सरळ मांडता येते. लस दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत, मृगाचा पाऊस येण्याआधी घ्यावी. ज्यांची राहिली असेल त्यांनी ती आता, दिवाळीच्या सुमारास घ्यावी, म्हणजे हिवाळ्याची लाट येण्याआधी दोन आठवडे सहज मिळतात. साबण बारा महिने. सिकलसेलचा रुग्ण किंवा गरोदर लेक घरात असेल तर तिच्या नावापुढे कॅलेंडरवर लसीची तारीख आधी लिहावी, मग लग्नांची.

१९१८ च्या दिवाळीत या जिल्ह्यातल्या माणसांना आपल्याला काय मारते आहे हे कळले नाही. आपल्याला ते कळते, त्याची वेळही कळते. मंडईला जरूर जावे, नाटक पहाटेपर्यंत पाहावे. फक्त घरून निघताना कोण खोकते आहे ते पाहावे, आणि परतल्यावर झोपलेल्या नातवंडाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत.